खुर्ची रिकामी नाही

फोंतेन्याशच्या गल्लीत सात टेबलं,
प्रत्येकावर एक मेणबत्ती, दोन खुर्च्या.
दारातल्या कायतानने माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या मागच्या रस्त्याकडे:
"आनीक कोण येतलें?"
कोणी नाही, म्हटलं.
त्याने फ्रिजजवळचा कोपरा दाखवला.
मी खिडकीजवळ बसले.
बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीच्या
आतल्या बाजूला काढली आहेत,
आता बाहेर बघायचं होतं.

बाहेर पिवळ्या भिंतीला टेकून
जोड्या फोटो काढत होत्या.
भिंत बिचारी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रेमात उभी.

मेनूत "दोघांसाठी" म्हणून अर्धं पान. ते उलटलं.
चोणकाचं हुमण सांगितलं, उकड्या तांदळाचा भात,
आणि डोकं घाला.
"तकली?"
हो.

आमच्याकडे डोकं आधी मामंजींच्या ताटात जायचं,
मग ह्यांच्या.
हे गेल्यावर मीच कोळणीला सांगू लागले,
डोकं राहू दे गं, कोण खातंय.
काटे काढण्यात मात्र
माझा हात धरणारं देवरुखात कोणी नव्हतं.
दोन मुलं, एक नणंद, शेवटी शेवटी सासूबाई,
सगळ्यांना निवडून दिलं,
आणि मग निवलेलं कालवण.

मधेच एक मुलगा आला,
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, अदबीने:
"ही घेऊ का? आम्ही पाच जण आहोत."
नाही, म्हटलं, आहे कोणी.
पर्स होती, छत्री होती,
बाजारातून घेतलेले अर्धा किलो काजू होते.
बसू देत की त्यांनाही.

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी फोन पुढे केला.
माझा उजवा हात हुमणात,
डाव्याने काढला. दोघं तिरकी आली,
मेणबत्ती सरळ.
"छान आलाय," म्हणाली ती,
आणि माझी पाठ वळताच पुसून टाकला असावा.
मी पुसला असता.

मग नीट मांडी घालावी तसं मन घालून बसले.
टाळू फोडली. डोळा बाजूला ठेवला,
त्याने बघायचं तेवढं बघून घ्यावं.
गालाचं मांस बोटानेच सुटून आलं,
लोण्यासारखं, कोकमाची आंबट कड लागलेलं.
एकसष्टाव्या वर्षी कळलं.
कुणाला तरी सांगायला हवं होतं ताबडतोब,
आणि समोर काजू.

कायतान पाणी ओतायला आला, त्याला सांगितलं.
तो हसला. म्हणाला,
"टुरिस्टांक तकली नाका आसता.
रातीं आमीच भितर खातांव.
आयज एक उणी."

आत कुणाच्या तरी ताटातली
मी उचलली होती तर.
वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही.

मग डोकं उलटलं.
दुसरा गाल अजून शाबूत होता.