हातभर खोरं

तेमिरबेक गेला नोवोसिबिर्स्कला, टॅक्सी चालवायला,
आणि कुरण-समितीचा संगणक माझ्या गळ्यात पडला.
पडद्यावर एकच फोल्डर: ‘नवीन’.
आत ‘नवीन दोन’, त्याच्या आत ‘शेवटचं’,
त्याच्या आत ‘शेवटचं खरं’,
आणि ते रिकामं.

कुरणं सापडली एका पेन ड्राइव्हवर,
त्याच्या लग्नाचे फोटो आणि ट्रॅक्टरच्या पावत्या यांच्या मध्ये.
मी सगळ्यात जड फाईल तेवढी उचलली,
बाजारात मेंढी उचलून पाहतात तशी.
नकाशा उघडेना.

चार दिवस गेले हे कळायला,
की ती एकटी कधी येतच नाही.
पाच भावंडं आहेत ती, नाव एक, आडनावं निराळी.
एसएचपीकडे नुसत्या रेषा, मुक्या.
कुठली रेषा कुठे सुरू होते ते एसएचएक्सला विचारायचं.
डीबीएफच्या पोटात कुरणांची नावं, हेक्टर,
कुणाच्या किती मेंढ्या, कुणी भाडं थकवलं.
सीपीजीला लिपी कळते.
आणि धाकटा पीआरजे, एका ओळीचा,
सगळ्यांत हलका,
पण हे सगळं पृथ्वीवर नेमकं कुठे आहे
ते फक्त त्याला ठाऊक.

मी चौघांना आणलं. धाकटा ड्राइव्हवर नव्हताच.

असानाली अता त्याच सकाळी आले,
शेजारच्या गावाची गुरं ओढा ओलांडतात, ही तक्रार घेऊन.
म्हणाले, दाखव माझी हद्द.
मी दाखवली.
निळं. नुसतं निळं.
आफ्रिकेच्या कुशीत, जिथे शून्य शून्याला भेटतो,
तिथून शहात्तर मीटर पूर्वेला, एकेचाळीस मीटर उत्तरेला
आमचं अख्खं नारीनचं खोरं
हातभर जागेत, समुद्रात.
अंशांना मीटर समजून बसला होता प्रोग्राम.

अतांनी चष्मा शर्टाला पुसला. समुद्र त्यांनी
दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलेला, तोही जानेवारीचा.
‘पाणी चिक्कार दिसतंय,’ म्हणाले. ‘गवत कसं आहे?’

तेमिरबेकला फोन लावला. मागे इंडिकेटरची टिकटिक.
‘पीआरजे? माझ्याकडे असेल. जुन्या फोनात.’
‘एवढीशी फाईल घेऊन गेलास तू रशियाला?’
‘चुकून गं.’
टिकटिक थांबली. वळला असावा.
‘वेगळं करायचं नसतं त्यांना,’ तो म्हणाला,
‘हलवायचं तर सगळ्यांना मिळून.’
मग कुणीतरी मागच्या सीटवरून पत्ता सांगितला
आणि फोन कटला.

रात्री साडेअकराला आली ती फाईल. हजार अक्षरंही नव्हती तिच्यात.
खोरं समुद्रातून उठलं
आणि दोन डोंगरांच्या मध्ये जाऊन बसलं,
जणू कुठे गेलंच नव्हतं.

नावं मात्र सगळी परतली नाहीत.
मधे कुणीतरी भलत्या लिपीत साठवली होती,
सत्तावीस कुरणांवर नुसती प्रश्नचिन्हं,
कुंपणाच्या वाकड्या खिळ्यांसारखी.

दुसऱ्या दिवशी अतांना खुर्ची दिली, चहा दिला.
मी बोट ठेवायची, ते नाव सांगायचे:
लांडग्याने ऐकलेलं. सुनेची झोपडी.
कारा-सूच्या-उगमावरचं-सावलीचं.
रकाना दहा अक्षरांचा. ‘कारा-सूच्या-उ’वर गाडी अडली.
‘उरलेलं कुठे गेलं?’ अता.
मी नवा रकाना केला, शंभर अक्षरांचा,
आणि तरी त्यांना संशय.
पुन्हा म्हणून दाखव, म्हणाले. म्हटलं.

संध्याकाळी एकच तुकडा उरला, ओढ्यापलीकडचा उतार.
हेच नाव बोला ना, मी म्हटलं,
नाहीतर हा ‘निरंक’ असंच लिहितो.
अतांनी बराच वेळ पाहिलं.
‘तिथे कुणी थांबतच नाही,’ म्हणाले,
‘वारा फार. नाव कशाला ठेवील कोण.’

मी त्याला तसंच ठेवलं.
पाचही भावंडं एका फोल्डरात, फोल्डरला तारीख,
एक प्रत ड्राइव्हवर, एक टपालाने जिल्ह्याला,
आणि एक नोवोसिबिर्स्कला पाठवली,
त्याने मागितली नव्हती.