बीड

मोईनच्या यार्डात ती आडवी पडली होती,
सायकलींच्या सांगाड्यांखाली, रोलिंग मिलच्या वाटेवर.
उद्या वितळली असती, परवा सळई होऊन
जालन्यातल्याच कुणाच्या स्लॅबात गेली असती.
"मामू, एकशेदहा किलो भरली. काय करताव हिचं?"
म्हटलं, भोकं पाडीन.
तो हसला, दोन किलो सोडले.

सगळी बीडाची. ओतीव, काळी, जड.
तसा मीही बीडचाच, गेवराईकडचा.
प्रयाग म्हणते, म्हणून जमलं तुमचं,
ठोकलं तर वाकायचं नाही, सरळ तडकायचं.

ठोकलं नाही मग.
तीन रात्री खांबाला रॉकेल पाजलं.
चौथ्या दिवशी टेबल केसभर हललं
आणि पत्र्याच्या शेडमध्ये मी एकटाच "हां" म्हणालो,
पोर पहिल्यांदा पालथं पडल्यावर म्हणतात तसं.

चकचा गंज चिंचेच्या पाण्यात उतरला.
आठवडाभर आमटीला आंबटपणा नव्हता.

करडा रंग खरवडला, खाली हिरवा,
हिरव्याखाली निळा, त्याखाली लांबी.
मुठी तीन, त्यातली एकच झिजलेली,
चघळून ठेवलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी.
आणि पुलीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला,
साहेबाचा डोळा पोचणार नाही अशा जागी,
टोच्यानं कोरलेलं:
पट्टा ढिला ठेवणे. नारबा.

कोण नारबा, कुठल्या कारखान्यातला,
मोईनला माहीत नाही, त्याला ज्यानं विकली त्यालाही नाही.
झाकण तेवढं रंगवलं नाही.

टेबलावर अकरा खड्डे.
एकेक म्हणजे कुणाचा तरी हात
वेळेवर न थांबलेला.
पाळी सुटत आली असेल. घरी कुणी तापानं फणफणलं असेल.
किंवा नुसतंच आयटीआयचं नवं पोरगं.
मी मोजले, आणि खरं सांगतो, जरा हसलोच.
एसटीच्या डेपोत तेवीस वर्षं काढली,
माझ्या हातचा एकही नाही.

बेअरिंगं नवी घातली, मोटर सिंगल फेजची.
पट्टा मी माझ्या सवयीनं ताणून बसवला.
बटण दाबलं तशी कण्हायला लागली,
शेजारचं कुत्रं उठून गेलं.
बंद केली. नारबाचं ऐकलं, दोन बोटं ढिला.
मग लाइटच गेली.

रात्री अकराला आली.
लोखंडी पट्टी धरली, पंच मारला, मूठ ओढली,
तीच, झिजलेली.
किस निघाला, गुंडाळत, निळसर, लांबच लांब,
तुटेचना.
मी त्याच्याकडेच बघत राहिलो.
आवाज बदलला तेव्हा आठवलं,
खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा राहिला.

प्रयाग दारात उभी, झोपेतून उठून आलेली.
पट्टी हातात घेतली, भोकातून दिव्याकडे पाहिलं.
"चांगलं पडलंय. कशासाठी होतं हे?"

सहा महिन्यांत तेवढं सुचलं नव्हतं.
बघू, म्हणालो,
आणि तळहात टेबलावर तसाच ठेवला,
बाराव्यावर.