नवार

औशाच्या पलीकडं, काळ्या दगडांच्या माळावर
पन्नास मीटरांची जागा आखलीय सुभेदार कागण्यांनी.
मागं मातीचा बांध, पुढं पत्र्याचं छप्पर,
छपराखाली सतरंजी,
सतरंजीवर पालथी पडलेली तस्नीम.

मी सुतार. बंदुकीतलं मला लाकडाएवढंच कळतं.
पोरगी डावखुरी,
आणि डाव्या गालासाठी दस्ता कुणी विकत नाही.
म्हणून निलंग्याहून शिसव आणलं,
शिंप्याच्या टेपनं तिचा हात मोजला
कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत,
गाल टेकतो तिथं रंधा मारला,
पुन्हा टेकवला, पुन्हा मारला,
सतरा वेळा.
अठराव्या वेळी ती म्हणाली,
"आता कळतच नाही कुठं टेकलाय."
तेवढ्यावर मी रंधा खाली ठेवला.

एप्रिल. साडेदहा.
पहिल्या वीस गोळ्या एकीच्या पोटात एक गेल्या.
मग ती थांबली.
"वर्तुळ हलायलंय."
माळावर तर काहीच हलत नव्हतं.
सरडासुद्धा.

"वर्तुळ कशाला हलतंय," सुभेदार म्हणाले,
"नळी वाफ टाकायली. तुझ्याच बंदुकीचं मृगजळ हाय ते.
लांबचं मृगजळ कामाचं.
डावीकडं पळालं तर वारा उजवीकडनं,
उभ्या उभ्या उकळलं तर वारा पडलेला.
ते वाचायचं.
नळीवरचं वाचायचं नसतं. ते झाकायचं."

बाजेची जुनी नवार मी कापून आणली होती,
दोन बोटं रुंद, धुवून धुवून पांढरी झालेली.
मागच्या भोकापासून पुढच्या माशीपर्यंत ताणली.
वाफ मग दोन्ही काठांनी निघून जाऊ लागली,
फुंकर मारल्यावर साय बाजूला व्हावी तशी.
नवारीवर माझ्या आजाराचा एक डाग होता.
तो खालच्या अंगाला घेतला.

दुपारी चहा पिताना
सुभेदार सहसा बोलत नाहीत ते बोलले.
वर बर्फात, त्यांच्या रायफलीच्या तोंडाला
एक नळकांडं असायचं, आवाज गिळणारं.
"गिळतं, पण पचवत नाही.
सगळी धग आत बसून राहते.
चार-सहा गोळ्या झाल्या की त्याच्यावरची हवा नाचायची,
दुर्बिणीत समोरचा माणूस
पाण्यात उभा असल्यागत.
बर्फात मृगजळ! कुणाला सांगावं?
आईची घोंगडी होती संगट. तिची पट्टी फाडली,
गुंडाळली, सुतळीनं बांधली.
लोकर करपायची.
आमच्या वाडीच्या मेंढवाड्याचा वास,
चौदा हजार फुटांवर."

"मग?" तस्नीमनं विचारलं.
"मग काय. वाट बघायची, निवेपर्यंत."
"आणि तोवर तो माणूस?"

सुभेदारांनी बशीतला उरलेला चहा मातीत ओतला.
उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.
पण ती डावीकडं बसली होती.

ऊन कलल्यावर ती पुन्हा सतरंजीवर गेली.
गाल टेकवला. मला उगाच बरं वाटलं.
पाच गोळ्या. थांबली.
सुभेदार गुडघ्यावर हात देत वाकले,
पालथा हात नळीला लावला,
लेकराचा ताप बघतात तसा.
"निवू दे."

मग आम्ही तिघंही गप्प.
नवारीच्या काठाला हवा अजून जराशी थरथरत होती,
तिच्यापल्याड, तुरीच्या धसकटांवर
मोठं मृगजळ साचलेलं,
आणि त्यातून कुणाची तरी म्हैस चालली होती
गुडघ्यापर्यंत भिजल्यासारखी,
कोरडी.