मागचा आकडा पुढे

डॉक्टर एदेल्मिरा ओयार्सून आज खोली रिकामी करताहेत.
मी निबाल्दो, त्यांचा आकडेवाला.
एकतीस वर्षं लोकांच्या जिवाचं म्हणणं
मी चौकटीत बसवत आलो:
शून्य, एक, दोन, तीन.
कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, जवळजवळ रोज.

सान्तियागोहून प्रश्नावली आली तेव्हा
चिलोएवर पाऊस होता. कधी नसतो?
आठवा प्रश्न: छंदात पूर्वीसारखं मन रमतं का?
चेलीन बेटावरच्या ओर्तेन्सियाबाईंनी
चिखलाचे हात पदराला नाही, मांजरालाच पुसले
आणि विचारलं, छंद म्हणजे?
बटाटे काढते, शिंपले वेचते, रात्री पाठ धरते.
यातलं कुठलं लिहू?
डॉक्टरांनी समासात लिहिलं: पाठ धरते.
चौकट कोरी ठेवली.

पहिली काही वर्षं एक प्रश्न विचारायची सोय नव्हती,
घरातलं कुणी रात्री नेलं का.
तो त्या कागद उलटा ठेवून, पेन खिशात घालून विचारायच्या.
त्याचा आकडा माझ्याकडे कधी आला नाही.

मग गोळीची चाचणी.
दोनशे बारा माणसं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना पिठाची गोळी.
दर पंधरवड्याला लाँच घेऊन रोसाल्बा नर्स जायची.
रक्त, वजन, नऊ प्रश्न,
आणि भरती येईपर्यंत निघता येत नाही म्हणून
चुलीपाशी तासभर माते, गप्पा, कुणाच्या गाईचं बाळंतपण.
दोन्ही गटांचे आकडे उतरू लागले.
औषधवाल्यांचे जरा जास्त. ते खरंच होतं,
त्यात डॉक्टरांनी कधी फिरवाफिरव केली नाही.

एका हिवाळ्यात डिझेलचे पैसे संपले.
लाँच धक्क्याला बांधलेली. जून, जुलै, ऑगस्ट.
नियम असा:
उत्तर आलं नाही तर मागचा आकडा पुढे ओढायचा.
मी ओढला. माझं अक्षर चांगलं आहे.

क्रमांक एकशे सतरा, बेलार्मिनो बार्रिया, होड्या बांधणारा.
नववा प्रश्न, जगणं नकोसं होतं का?
मे, शून्य. जून, शून्य.
जुलै, शून्य. ऑगस्ट, शून्य.
सप्टेंबरात रोसाल्बा गेली तेव्हा
त्याच्या थडग्यावरची फुलं कुजून पुन्हा दुसरी ठेवलेली.
जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच पुरला होता.
बाकीच्यांचे आकडे दोन्ही गटांत वर गेले होते,
गोळी असो की पीठ.

डॉक्टर ओरडल्या नाहीत.
नियमच आहे तो, म्हणाल्या, मीच शिकवला.
खुंटीवरचा रेनकोट काढला, परत अडकवला.

निबंधात लाँचबद्दल तळटीप होती, पान एक्केचाळीस.
संपादकांनी कळवलं, जागा कमी आहे.
त्यांनी ती कापली.
हे त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

पुढची वीस वर्षं त्यांनी कोऱ्या चौकटींचाच अभ्यास केला.
कोण आलं नाही, का आलं नाही,
कुठला धक्का कुजला, कुणाचा बूट एकच उरला,
कुणाला कुत्र्याला एकटं सोडवत नव्हतं.
लिस्बनच्या परिषदेत ऐकायला अकरा जण होते,
त्यातले दोघे कोट वाळवायला आलेले.
कोरं असेल तर कोरं ठेव, मला म्हणायच्या,
आणि फोन लावायच्या. उचलला नाही
तर रेनकोट घालायच्या.

आज खोकी बांधून झाली.
एकशे सतराचं कार्ड तेवढं टेबलावर राहिलं.
रबर आहे का, विचारलं.
माझे तीन शून्य पेन्सिलीचेच होते, तरी सहज जाईनात.
तिसऱ्यापाशी कागद जरासा फाटला.
त्या फुंकर मारून बघत राहिल्या.

खाली धक्क्यावर रोसाल्बाची मुलगी
लाँचचं इंजिन लावून पाहत होती.
एकदा खोकलं.
दुसऱ्यांदा लागलं.