पाठ

ग्युम्रीत डिसेंबरात आठ वाजले तरी उजाडत नाही.
मी पाचला उठते.
भूकंपानंतर दोन वर्षांपुरता म्हणून दिलेला हा लोखंडी डबा,
त्यालाच आता पस्तीस वर्षं होऊन गेली.
शेगडीत आधी कागद, मग काटक्या, मग गोवरी.
पाणी कोमट होईतो अंथरुणाची घडी घालते,
कोपऱ्याला कोपरा जुळवून.
बघायला कोण येतंय?
वारा येतो.

मग आरसा.
आर्मेनाकनं दाढीसाठी स्वतःच्या उंचीला ठोकलेला.
मला त्यात कपाळ तेवढं दिसतं.
तो रशियात बांधकामावर गेला तो गेलाच,
आणि मी अकरा वर्षं
कपाळ बघून भांग पाडते.

शाळेत मुलं पाठ म्हणतात
आणि मी पाठ वाकवते.
तीन मजले, दोन जिने, अठ्ठेचाळीस पायऱ्या.
परवा दुसरीतल्या झिरायरनं शाळेचं चित्र काढलं:
मास्तरांना मिशा, बाईंना कानातले,
फळ्यालासुद्धा डोळे.
कोपऱ्यात एक राखाडी उंचवटा, शेजारी बादली.
"ही तू," म्हणाला. प्रेमानंच म्हणाला.
मी विचारलं, तोंड कुठाय माझं?
तो गोंधळला. खडूंची डबी चिवडत राहिला.
रंगच सापडेना त्याला.

घरी जाताना सात जखमांच्या मातेच्या चर्चमध्ये शिरले.
रोजचंच ते.
रोज एक मेणबत्ती वाळूत रोवायची:
आईसाठी, लेव्होनसाठी,
आर्मेनाकसाठीही. हो, त्याच्यासाठीही.
स्तोत्रं मला पाठ नाहीत.
"प्रभू, दया कर" एवढंच येतं,
ते तीनदा म्हणते, मोजून.
मग निघायचं. आमच्यात वेदीकडे पाठ करून निघत नाहीत.
आई शिकवायची, बोट धरून:
उलटं चाल, वर्सेनिक, चवडा आधी टेक,
नजर समोर ठेव, उंबरा आपोआप येतो.
पन्नास वर्षं अशीच निघतेय मी,
आणि त्या संध्याकाळी उंबऱ्यापाशी थबकले.
म्हणजे त्यानं माझी पाठ
कधी बघितलेलीच नाही.
गावानं पाठच बघितली.
त्याच्यापाशी मात्र माझं तोंड आहे,
सगळंच्या सगळं:
पुढचे दात पडलेलं, नवरीचं,
लेव्होनला मातीआड केल्याच्या दुसऱ्या दिवशीचं,
आणि हे, आजचं, थंडीनं फुटलेलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर फरशी पुसताना
पायांना आधी कळलं, मला नंतर.
ओल्यावर पाऊल पडू नये म्हणून
मागे मागे सरकत होते मी,
काठी नि फडकं पुढ्यात,
तोंड खिडकीकडे, बर्फाचा उजेड येतो तिकडे.
एकोणीस वर्षांत या व्हरांड्यातून
मी एकदाही पाठ फिरवून निघालेले नव्हते.
एकटीच हसले. बादलीनं ऐकलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक केरोप्यान आले,
बूट चिखलानं भरलेले.
"थांबा," मी म्हणाले. "वाळू दे."
आवाज मोठा नव्हता. सरळ होता.
ते थांबले. टोपी काढली, का कोण जाणे,
आणि फरशी वाळेपर्यंत
आम्ही समोरासमोर उभे राहिलो.

फार काही झालं नाही. पगार तोच आहे.
झिरायर अजून रंग शोधतोय.
घरी येऊन मी खिळा उपटला
आणि आरसा वीतभर खाली ठोकला.
जुन्या भोकातून वारा शिरायला लागला,
तिथं मेणबत्तीचं बुटुक दाबून बसवलंय.
ती मेणबत्ती, बाकी कुणाची नाही,
माझ्या नावानं लावलेली होती.