चाळीस फूट खाली

उंचीमापक कधीच खरं बोलला नाही.
चाकं हँगरच्या फरशीवर टेकलेली असताना
तो आम्हाला जमिनीखाली चाळीस फूट दाखवायचा.
एकतीस वर्षं मी त्या विहिरीतून वर येत राहिलो.

कोरीनाला मी हे सगळ्यात आधी सांगितलं.
मग बाकीचं:
डावी टाकी उजवीच्या आधी संपते.
कडाक्याच्या थंडीत तिसरा सिलिंडर रुसतो,
त्याला वेळ दे, शिव्या देऊ नकोस, मी देऊन पाहिल्यात.
दार ओढून लागत नाही, आतून कोपराने दाबायचं.
इंधन मोजायची काठी म्हणजे आमच्या ओरेस्टची शाळेतली पट्टी,
मागे त्याने कर्कटकाने नाव कोरलंय,
ते तेवढं घासू नकोस.

ती वहीत लिहून घेत होती.
ला राँजची नर्स, हातमोजे दातात धरून.
पुढच्या उन्हाळ्यात चाकं काढून तरंडे लावणार म्हणाली.
म्हणजे जन्मभर गव्हावरून उडालेलं हे
आता तळ्यावर उतरणार.
मी म्हटलं, चांगलंय.
दुसरं काय म्हणणार?
ही पाठवणी नव्हे, विक्री आहे;
चेक स्वयंपाकघरात मीठदाणीखाली ठेवलाय.

माझ्या उजव्या डोळ्यात भर दुपारीही धुकं असतं.
रेजायनाच्या डॉक्टरने फॉर्मवरचा एक चौकोन
रिकामा सोडला.
तेवढ्याशा चौकोनातून
सगळं आभाळ निघून गेलं.

पराक्रम म्हणावा असं फारसं काही नाही.
हिमवादळानंतर रस्ते बुजले तेव्हा
एकदा पशुवैद्याला नेलं, एकदा दोन पोती पाव,
एकदा म्हाताऱ्या पिधिर्नीच्या शवपेटीसाठी खिळे.
बाकी बहुतेक वेळा मी आमच्याच शेतावर घिरट्या घालायचो,
पेरणीच्या ओळी सरळ आल्यात का बघायला.
आलेल्या नसायच्या.

स्टेफानिया ह्यात एकदाच बसली.
उतरल्यावर रुमाल सोडत म्हणाली,
वरून आपलं घर औषधाच्या डबीएवढं दिसतं,
मला नाही तसं बघायचं.
पुन्हा कधी बसली नाही.
पण वारा दाखवणारी कापडी नळी वादळात फाटली
आणि मी नवी आणायची टाळत राहिलो,
तेव्हापासून मी उडालो की
ती अंगणातल्या दोरीवर एक पांढरी चादर घालायची.
एकच, आणि बाकी दोरी रिकामी.
मी परत येईपर्यंत काढायची नाही,
पावसात भिजली तरी नाही.
मी चादरीकडे बघून वारा ठरवायचो
आणि उतरायचो.
ह्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.
नळी आजतागायत आणलेली नाही.

चादरीचं मी कोरीनाला सांगितलं नव्हतं.
ते विमानाबरोबर द्यायचं सामान नव्हतं.

इंजिन धरलं. तिसरा सिलिंडर
परक्या हाताखाली शहाण्यासारखा वागला,
ह्याचा मला जरासा रागच आला.
गोफर बिळात पळाले.
मी सवयीने घराकडे पाहिलं.
ड्रायर आणून अकरा वर्षं झाली,
तरी दोरीवर चादर होती,
उत्तरेकडे फुगलेली.

दक्षिणेचा वारा.
कोरीनानेही मान वळवून तिकडेच पाहिलं,
नाक दक्षिणेला केलं, वाऱ्याला तोंड दिलं
आणि कुंपणाच्या बरीच अलीकडे उठली.
माझ्यापेक्षा हलक्या हाताने.
धान्याच्या कोठारावरून वळसा घेऊन
उत्तरेला लागली, आणि मग
माझ्या चांगल्या डोळ्यालाही दिसेनाशी झाली.

हँगरमध्ये तेलाचा डाग,
त्याच्या शेजारी विटकरीचे दोन तुकडे, चाकांना लावायचे.
ती ते विसरली, की मी द्यायचे विसरलो,
माहीत नाही.
तिथे थोडा वेळ उभा राहिलो,
चाळीस फूट खाली.

जेवताना स्टेफानिया काही बोलली नाही.
मीही बटाटे वाढून घेतले.
अंधार पडला, दव पडलं,
चादर दोरीवरच होती,
आणि मी तर केव्हाचा घरात होतो.