फाटक

तीस वर्षं ते फाटक पडत होतं
कुणासाठीच नाही.
मालगाडी यायची, दिवा लाल व्हायचा,
काडीएवढा दांडा आदबीनं खाली झुकायचा,
आणि अलीकडे उभा असायचा निळा ट्रक,
झीगबर्टनं चिकटवलेला, एक्क्याण्णव साली.
फाटक बंद असलं तरी उभा,
उघडलं तरी उभाच.

क्वेडलिनबुर्गच्या जुन्या डेअरीचं तळघर.
दर मंगळवारी आम्ही सहा जण.
आता पाच.
भिंतींना अजून आंबट दुधाचा वास येतो, एगोन म्हणतो.
मला नुसता सोल्डरिंगचा येतो.

रस्ता फोडायचं ठरलं तेव्हा भांडण झालं.
आगगाडीनं धावायचं, मोटारींनी थांबायचं,
हाच आपला नियम, लोथार म्हणाला,
आणि टोपी उचलून निघून गेला.
दोन मंगळवार फिरकला नाही.

एगोननं प्लास्टरमध्ये चर खोदला,
मोहरीच्या दाण्याएवढा खोल.
बाजारातून चर्चकडे, चर्चवरून इस्पितळ,
तिथून पुलाखालून फाटकाशी,
तार बसवत गेला.
वर लांबी, पॉलिशपेपर, करडा रंग.
(तारेचे साडेचार युरो मी वहीत लिहिले.)
रस्ता पुन्हा जसाच्या तसा,
काही घडलंच नाही अशा चेहऱ्याचा.

ट्रक काढताना कुणी बोललं नाही.
रोस्वीथानं तो रुमालात गुंडाळला,
पर्समध्ये ठेवला, नवऱ्याच्या चष्म्याशेजारी.
चार चाकांखाली चार ठिपके निघाले गोंदाचे.
दोनदा रंग दिला,
तरी चमकतात.

एगोन चौतीस वर्षं बस चालवायचा.
सात नंबर, स्टेशन ते इस्पितळ.
हात थरथरू लागला तेव्हा
त्यांनी त्याला फुलं दिली आणि किल्ली घेतली.
तोच हात आता भिंगाखाली
बसच्या पुढच्या आसाला
चुंबकाचा कण लावत होता.
तीनदा निसटला.
चौथ्यांदा आम्ही सगळे फरशीवर रांगत होतो
आणि तो सापडला रोस्वीथाच्या कात्रीला चिकटलेला.

तारेवरची कसरत म्हणतात ती हीच,
फक्त तार पुरलेली,
आणि भीती पडायची नाही,
वळणावर हात सुटायची.

पहिल्या फेरीत बस इस्पितळात घुसली.
दुसऱ्या फेरीत बाजार, चर्च, इस्पितळ, पूल,
डासासारखी गुणगुणत
फाटकापाशी आली
तेवढ्यात दिवा लाल.

दांडा पडला. रस्त्याखालची कॉइल जागी झाली.
बस थांबली.

मालगाडीच्या खटक्यापाशी लोथार उभा होता.
कधी आला, कुणी पाहिलं नाही. टोपी डोक्यावरच.
चौदा डबे. त्यानं वेग कमी केला,
अजून कमी केला,
काहीच गरज नव्हती.
एकेक डबा बसच्या काचेसमोरून गेला
आणि पहिल्यांदाच त्या गाडीला
कुणीतरी जाताना पाहत होतं.

एगोननं मनगट वर केलं.
'दीड मिनिट उशीर,' तो पुटपुटला,
जुन्याच रागानं.
लोथार हसला, मिशीतल्या मिशीत.

मग फाटक उघडलं आणि बस
त्या चार ठिपक्यांवरून गेली.
थांब्यावरची हिरव्या कोटातली बाई
चढली नाही अर्थात. तिचेही पाय गोंदात.
पण बस थांबली तिच्यासाठी, पुरते दहा सेकंद,
दार नसलेल्या बाजूनं.

नऊ वाजले. मी दिव्याच्या बटणाकडे गेलो.
'थांब,' एगोन म्हणाला,
'शेवटची फेरी राहिलीय.'